जुने ते सोने, पण कोणाच्या हिशेबाने?



‘जुने ते सोने’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र त्या सोन्याचा भाव काय, ते तोलतो कोण, आणि त्याचे पैसे अखेर कोणाच्या पदरात पडतात, हे विचारण्याचा आपल्यात प्रघात नाही. आज मी ते विचारणार आहे. सोन्याच्या जागी मी जुने कापड घेतले आहे.

यंत्रमागाच्या गावात कामगारांची संघटना बांधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने जुन्या साड्यांवर काय बोलावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. कलेचा अधिकार मला नाही. परंतु अलीकडे आमच्या कचेरीत एक नवा प्रश्न घेऊन मंडळी येऊ लागली आहेत. कांडी भरणाऱ्या, मेंडिंग करणाऱ्या बायांच्या शिकलेल्या मुली त्या. आजीच्या पेटीतली इरकल, चंद्रकळा, चोळखण त्यांना मनापासून आवडतात. त्या जुनी वस्त्रे गोळा करतात, नेसतात, छायाचित्र काढून मोबाईलवर टाकतात. आणि चार जणी विचारतात, ‘ही विकणार का?’ तेव्हा प्रश्न उभा राहतो, की हा छंद धंदा होईल काय?

माझे उत्तर असे, की होईल. परंतु आवडीने दुकान उघडते आणि हिशेबाने ते चालते. माल शोधणारे, धुणारे, रफू करणारे असे जे जे हात त्यात राबतात, त्यांची मजुरी हिशेबात धरली नाही, तर आवड हे फुकट राबण्याचे गोंडस नाव ठरते. हे फुकट राबणे कधी दुसऱ्याचे असते, तर पुष्कळदा आपले स्वतःचेच. एवढी एकच गोष्ट मला आज सोदाहरण सांगायची आहे.

नाव नवे, वस्तू जुनी

या व्यवसायाला शहरांत ‘व्हिंटेज’ म्हणतात. हा शब्द मुळात द्राक्षांच्या मळ्यातला. अमुक सालच्या तोडणीची द्राक्षे, त्या सालची मदिरा, असा त्याचा अर्थ. तो पुढे मोटारींना लागला, मग कपड्यांना लागला. व्यापारात साधारण वीस वर्षांपेक्षा जुन्या कपड्यास व्हिंटेज म्हणण्याचा आणि शंभरी ओलांडलेल्यास पुराणवस्तू समजण्याचा रिवाज आहे.

परंतु केवळ वय झाल्याने वस्त्र मौल्यवान होत नाही. वापरलेला शर्ट आणि जपलेला शालू ह्यांत फरक आहे. ज्या कापडाचे सूत, विणकर, रंग किंवा शिवण आज तशी मिळत नाही, आणि जे अजून अंगावर घालण्याजोगे टिकले आहे, त्यालाच खरी किंमत येते. दुर्मिळता आणि टिकाऊपणा ह्या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

लंडनच्या एका दुकानाचा धडा

आवडीचा धंदा कसा होतो आणि कोठे अडतो, ह्याचे एक नावाजलेले उदाहरण लंडनमध्ये घडले. शीला कोहेन ह्या तरुणीला जुने कपडे जमविण्याचा नाद होता. जुन्या बाजारांतून व्हिक्टोरिया राणीच्या काळचे आणि त्यानंतरचे पोशाख ती गोळा करी. तिचा सोबती नायजेल वेमाउथ आणि शिंपीकाम शिकलेला जॉन पीअर्स ह्यांच्यासह तिने १९६६ सालच्या आरंभी किंग्ज रोडवर ४८८ क्रमांकाच्या जागेत दुकान थाटले. नाव ठेवले ‘ग्रॅनी टेक्स अ ट्रिप’. आजीबाईंचे कपडे विकायचे म्हणून ग्रॅनी. आणि ट्रिप म्हणजे त्या पिढीच्या नशापाण्याच्या भाषेतली धुंदीची सफर.

दुकान पाहता पाहता गाजले. पण येथे जुन्या मालाच्या व्यापाराचा मूळ नियम आडवा आला. नवा माल संपला तर गिरणीला मागणी कळवता येते. आजीबाईचा झगा मात्र कोणतीही गिरणी पुन्हा काढून देत नाही. गिऱ्हाईक वाढत गेले, माल तेवढाच राहिला. तेव्हा दुकानाने स्वतः कपडे शिवायला घेतले. विल्यम मॉरिसच्या फुलापानांच्या नक्षीचे, पडद्या-खुर्च्यांसाठी विकले जाणारे कापड आणून पीअर्सने त्याचे कोट बेतले. बीटल्स मंडळींतल्या जॉर्ज हॅरिसनच्या अंगावर असा कोट दिसला आणि त्याचा बोलबाला झाला. म्हणजे जुन्याच्या आवडीतून निघालेले दुकान जगले ते नव्या शिवणकामावर. १९६९ च्या सुमारास ते मूळ मंडळींच्या हातून दुसऱ्याकडे गेले.

ह्यातून घेण्याजोग्या गोष्टी दोन. जुन्या मालाचा धंदा हवा तेवढा फुगविता येत नाही. त्याला छोटे राहण्याची तयारी लागते. आणि ज्याच्यापाशी सुईदोऱ्याचे काम आहे तो माल आटल्यावरही तग धरतो.

आपली बोहारीण

लंडनकडे बघताना आपल्या दाराशी बसलेली बाई विसरू नये. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणारी बोहारीण ही ह्या व्यापारातली आपल्याकडची जुनी व्यापारी. चार साड्या, दोन पँटी घेऊन ती पातेले देते. आपल्या दृष्टीने तो घासाघिशीचा खेळ. तिच्या दृष्टीने ती खरेदी. पुढे हे कपडे पहाटेच्या बाजारात जातात. दिल्लीत रघुवीरनगरला असा मोठा बाजार उजाडण्यापूर्वी भरतो आणि तेथे मूळच्या गुजरातमधील वाघरी समाजाच्या बाया मोठ्या संख्येने दिसतात. तेथून कपडे निवडणाऱ्यांकडे, धुणाऱ्यांकडे, रफूगारांकडे, आणि अखेर आठवड्याच्या बाजारात जातात. जे अंगावर घालण्याजोगे नाही त्याच्या चिंध्या होऊन यंत्रे पुसण्याच्या कामी लागतात.

ह्या बायांना कामगार म्हणावे की नाही, हा प्रश्न एकदा सरकारदरबारी गेला होता, आणि संघटनेच्या माणसाला तो फार शिकवून जातो. अहमदाबादेत १९२० साली स्थापन झालेल्या मजूर महाजनाच्या महिला शाखेचे काम इला भट्ट पाहत होत्या. प्रथम त्यांच्याकडे कापडबाजारात गाड्या ओढणाऱ्या आणि डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या बाया आल्या. त्यांच्यापाठोपाठ जुने कपडे विकणाऱ्या आल्या. शंभरावर बायांची सभा झाली आणि तीत आपली स्वतंत्र संघटना काढावी अशी सूचना पुढे आली. त्या सूचनेतून डिसेंबर १९७१ मध्ये ‘सेवा’ जन्माला आली. नोंदणीला गेल्यावर कामगार खात्याने हरकत घेतली, की ह्यांना मालकच नाही, मग लढणार कोणाशी? त्यावर उत्तर देण्यात आले, की संघटना कोणाच्या विरोधासाठीच असते असे नाही, ती कामकऱ्यांच्या एकीसाठी असते. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. पुढे १९७४ साली चार हजार बायांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची सहकारी बँकही काढली. तोवर त्यांना व्याजाने पैसे घेऊनच रोजचा माल उचलावा लागे.

म्हणून जी मुलगी आज जुन्या साड्यांचे दुकान काढू पाहते, तिने आपण काही अगदी नवा धंदा शोधला असे समजू नये. ती एका लांब साखळीची शेवटची कडी आहे. आधीच्या कड्या अशिक्षित दिसतात. पण अंधाऱ्या पहाटे कापडाला नुसता हात लावून सूत ओळखण्याची विद्या त्यांच्यापाशी आहे.

पारख

ह्या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे पारख. पैसा थोडा चालतो, पारख थोडी चालत नाही. काही साध्या कसोट्या सांगतो.

सूत ओळखायचे तर काठाच्या आतून एखादा सुटा धागा काढून जाळून पाहावा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो व मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. टेरिलीनसारखा कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. ‘बनावट रेशीम’ म्हणून जे जुन्या साड्यांत सापडते ते पुष्कळदा रेयॉन असते. ते सुतासारखेच जळते.

रंगावरून काळाची एक मर्यादा कळते. पहिला रासायनिक जांभळा रंग पर्किन ह्या इंग्रज तरुणाने १८५६ साली शोधला. मंजिष्ठामुळांतील लाल रंग १८६८-६९ मध्ये जर्मनीत रसायनशाळेत तयार झाला, आणि कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात आली. पॉलिएस्टर धाग्याचा शोध तर १९४१ चा. तेव्हा ज्या साडीत पॉलिएस्टर आहे ती ‘पणजीच्या लग्नातली, १९२० सालची’ असू शकत नाही, मग विकणारा कितीही शपथा घेवो.

पैठणीची परीक्षा उलट बाजूने करावी. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षीचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे सुट्या धाग्यांचे जाळे लोंबते किंवा कातरलेले दिसते. जर खरी असेल तर रेशमी दोऱ्यावर चांदीची पट्टी गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. घासल्यावर आत पांढरे दिसते. तांब्याची जर घासल्यावर आत लालसर दिसते.

सांभाळण्याचीही विद्या आहे. रेशीम घडीवर चिरते, म्हणून दर थोड्या महिन्यांनी घडी मोडून निराळी घालावी. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. विरलेली रेशमी साडी टांगून ठेवू नये, आपल्याच वजनाने ती फाटते. आणि चांगला रफूगार शक्य तेव्हा त्याच वस्त्राच्या दडलेल्या कडेतून धागा काढून भोक भरतो. असा रफूगार गावात असेल तर त्याला अगोदर जाऊन भेटावे, दुकानाची पाटी नंतर रंगवावी.

भट्टीशी चढाओढ

जरीच्या साडीबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. खऱ्या जरीच्या जुन्या साड्या विकत घेणारा एक गिऱ्हाईक पूर्वीपासून ठरलेला आहे. तो त्या जाळतो आणि चांदी काढून घेतो. आपल्या आज्या-पणज्यांचे कित्येक शालू आणि पैठण्या अशा भट्टीत गेल्या. चांदीचा भाव चढला की भट्टीची भूक वाढते. घरात पैशांची नड असते, साडी फाटलेली असते, आणि दारावर आलेला माणूस वजनावर रोख पैसे मोजतो. दोष कोणाला द्यायचा?

येथे जुन्या वस्त्रांच्या छोट्या व्यापाराचे एक मोठे काम आहे. भट्टीवाल्यापेक्षा चार पैसे अधिक देणारा कोणी उभा राहिला तरच ती साडी वाचते. नुसते ‘अरेरे, केवढी कला गेली’ म्हणून ती वाचत नाही. विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून घातलेली मजुरी भट्टी शून्य धरते. ती फक्त धातू मोजते. तुमच्या आवडीला त्या मजुरीची किंमत रुपयांत सांगता आली पाहिजे.

वही

आता हिशेब. समजा, एका मुलीने दहा जुन्या साड्या सहा हजारांना घेतल्या. जाण्यायेण्यास चारशे, धुलाई-इस्त्रीस सहाशे, चार साड्यांच्या रफूला सोळाशे. पहिल्या दोन महिन्यांत सात साड्या सरासरी अठराशेला गेल्या, म्हणजे १२,६०० रुपये आले. त्या सात धाडण्यास सातशे खर्च झाला. एकूण खर्च ९,३००. हाती राहिले ३,३०० आणि पेटीत तीन साड्या. मुलगी आनंदाने घरी सांगते, तेहतीसशे नफा झाला!

मी तिला विचारतो, तुझे तास किती गेले? माल शोधणे, डाग काढणे, छायाचित्रे, गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरे, टपाल. चाळीस तास सहज होतात. तासाला शंभर रुपये धरले तर तिची स्वतःची मजुरी चार हजार झाली. म्हणजे धंद्याला अद्याप सातशेचा तोटा आहे. उरलेल्यांपैकी दोन साड्या पुढे पंधराशेला एक अशा गेल्या आणि धाडण्याचे दोनशे वजा केले, तर २,८०० येतील व खरा नफा २,१०० होईल. एक साडी तरीही पडून राहील. पडून राहिलेला माल म्हणजे पेटीत घातलेले पैसे. दर खेपेस एक साडी पडू लागली की वर्षाअखेर भांडवल पेटीतच बसते.

कोणी म्हणेल, आवडीच्या कामाचे तास कशाला मोजायचे? मोजायचे ते अशासाठी, की उद्या आजारपण आले आणि दुसरीला कामाला ठेवावे लागले तर तिला मजुरी द्यावी लागेल. ती ह्या धंद्यातून निघत नसेल तर धंदा उभा नाही, तुमच्या फुकटच्या तासांवर टेकलेला आहे.

कराचीही माहिती असावी. वस्तू व सेवा कराच्या नियमांत जुन्या मालासाठी एक सोय आहे. जुना माल घेऊन, त्याचे स्वरूप न बदलता किरकोळ डागडुजी करून विकला, आणि खरेदीवरील कराची वजावट घेतली नाही, तर कराची आकारणी विक्री व खरेदी किमतींतील फरकावर होते. पण साडी कापून कुडते शिवले तर वस्तूचे स्वरूपच बदलते. नोंदणी केव्हा लागते, परराज्यात विकताना काय करावे, हे जाणत्या हिशेबनिसाला विचारावे. मात्र खरेदीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. ज्याच्या वहीत खरेदी नाही, त्याला फरक दाखवता येत नाही.

न्यायाची तागडी

आता शेवटचा आणि नाजूक मुद्दा. एखादी बाई खऱ्या जरीची पैठणी दोन हजारांना देऊ करते. तुम्हांला ठाऊक आहे की ती वीस हजारांना जाईल. काय करावे?

बाजार म्हणेल, गप्प बसावे. तुमच्या पारखीचे ते मोल आहे. पारखीचे मोल असते हे मला मान्य आहे; पण दुसऱ्याचे अज्ञान हे भांडवल म्हणून फार दिवस वापरता येत नाही. गाव लहान असते, बातमी पसरते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हांला कोणी पेटी उघडून दाखवीत नाही. ह्यापेक्षा उघड मार्ग आहे. आज अमुक रक्कम रोख, आणि विक्री झाल्यावर ठरलेला हिस्सा, असे कागदावर लिहून द्यावे. माल फुकट अडकत नाही, तुमचे भांडवल कमी लागते, आणि पुढची पेटीही तुमच्याचकडे येते.

बोहारणीशीही नगाचा दर अगोदर ठरवावा आणि खास वस्तूला वेगळा. रफूगाराला ‘बघू, विकल्यावर देऊ’ म्हणू नये. साडी विकली जाण्यावर त्याची चूल अवलंबून नसावी. गिऱ्हाइकाला डाग, विरलेली जागा, केलेला रफू स्वतःहून दाखवावा. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ असे लिहावे. आणि धड राहिलेली नऊवारी उशांच्या अभ्य्रांसाठी कापू नये. कापायला फाटलेल्या साड्या पुष्कळ आहेत.

श्रोतेहो, ह्या धंद्यात कोणी लक्षाधीश होईल असे आश्वासन मी देत नाही. घरच्या एका माणसाची प्रामाणिक मजुरी निघावी, एका रफूगाराला वर्षभर काम मिळावे, बोहारणीला दोन पैसे जास्त पडावेत, आणि दहा-वीस साड्या भट्टीतून वाचाव्यात, एवढे एका छोट्या दुकानाने साधले तर ते पुष्कळ झाले. त्यासाठी आज घरी गेल्यावर एक वही घ्या. पहिल्या रकान्यात वस्तू लिहा, दुसऱ्यात दिलेली किंमत, आणि तिसऱ्यात त्या वस्तूवर कोणाकोणाचे किती तास गेले ते लिहा. हा तिसरा रकाना भरणारे दुकान हळू वाढेल. पण त्याचे सोने खरे असेल.